ओट्याखालचा खजिना

गेल्या दिवाळीत आमच्या चिमीला, म्हणजे माझ्या नातीला, तिच्या मावशीने एक बोलके खेळणे आणले. बटण दाबले की गाय हंबरे, कोंबडा आरवे, वर दिव्यांची रोषणाई! किंमत विचारू नका. मी विचारली आणि पस्तावले. चिमी तेव्हा चौदा महिन्यांची. तिने गाईला दोनदा हंबरवले आणि तुरूतुरू स्वयंपाकघरात येऊन ओट्याखालचे कपाट उघडले. दुसऱ्या क्षणी डब्याचे झाकण फरशीवर!

मी ओरडणार, तोच तिचा चेहरा दिसला. झाकण गोल गोल फिरत निपचित पडेपर्यंत ती एकटक पाहत होती. तिने ते उचलले, पुन्हा टाकले. मग पायपुसण्यावर टाकले. आवाज आला नाही! स्वारी गंभीर झाली.

मला एकदम तिचा बाप आठवला. आमच्या दोन खोल्यांच्या संसारात तोही असाच पळीला, चाळणीला हात घालायचा आणि मी ‘ठेव खाली!’ म्हणून हात ओढायची. एकदोनदा चापटही दिली. नोकरी, स्वयंपाक, पाणी भरणे या धबडग्यात मला वाटे, पोर पसारा करते आहे. पोर अभ्यास करीत होते, हे कळायला मला आजी व्हावे लागले.

अभ्यास हा शब्द मी उगीच वापरीत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवून दिले, की पहिली सुमारे दोन वर्षे मूल जगाची ओळख करून घेते ती इंद्रियांनी आणि हालचालींनी. इंग्लंडच्या एलिनॉर गोल्डश्मीड (१९१०-२००९) यांनी तर नुकत्या बसू लागलेल्या बाळांसाठी साध्या वस्तूंची टोपलीच सुचवली. लाकूड, धातू, कापड, फळ, सारे काही तिच्यात. प्लास्टिक मात्र नाही. आणि इतक्या दूर तरी कशाला जा? आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूच हाताशी घेतल्या.

मग मीही एक जुनी वेताची टोपली काढली. तिच्यात थंडगार स्टीलची वाटी, लाकडी पळी, तासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी, पुरणाची चाळणी, माझ्या नऊवारीचा मऊ तुकडा, खणाचा खरखरीत काठ आणि धुतलेले एक मोठे लिंबू. लिंबू तोंडात घालून तिने जो चेहरा केला, तो पाहायला सारी इमारत बोलवावीशी वाटली! एकदा कणकेचा गोळा दिला, एकदा परातीत दोन पेले पाणी. वाटीतले पाणी परातीत आणि परातीतले वाटीत, असा कारभार अर्धा तास चालला.

पण भगिनींनो, माझी फजितीही ऐका. आवाज छान येतो म्हणून एके दिवशी मी तिला डब्यात मूठभर राजमा घालून दिला. दारावरची घंटा वाजली, मी उठले. दोन मिनिटांत परत येते तो झाकण उघडलेले आणि एक दाणा गालात! तिने तो आपणहून थुंकला म्हणून बरे. माझे हातपाय मात्र तासभर कापत होते. त्या दिवसापासून सव्वा इंचाहून लहान काहीही टोपलीत येत नाही. दाणे, मणी, बटणे नाहीत. घड्याळातली चपटी बॅटरी तर तिच्या वाऱ्यालाही नको. खेळ संपताच परात रिकामी. आणि मुख्य म्हणजे, ती खेळते तोवर मी शेजारी बसून असते. शिकवीत नाही, नुसती बसते.

सूनबाई एकदा म्हणाली, “आई, फोन दिला की तीही गप्प बसते आणि माझंही काम होतं.” तिचे खोटे नव्हते; नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बाईला मी काय बोलणार? पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. तेव्हा आम्ही तोड काढली. ती पोळ्या लाटते, तेव्हा टोपली स्वयंपाकघराच्या दाराशी, शेगडीपासून लांब, आणि टोपलीशेजारी मी.

परवा चिरंजीव कामावरून दमून आले आणि चिमीने पुन्हा झाकण आपटले. “ठेव खाली!” तो खेकसला. शब्द माझेच होते, सूरही माझाच. मी म्हटले, “अरे, ऐकू दे तिला.”

तो थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “मला कुठे देत होतीस?”

“नाही दिलं रे,” मी म्हटले. “चुकलंच माझं.”

तो काही बोलला नाही. पायातले मोजे काढले, फरशीवर मांडी घातली आणि टोपलीतली पळी उचलून वाटीवर हळूच एक ठोका दिला.