‘आय’ : असणे सांगणारे एक स्पॅनिश क्रियारूप

आज आपण एक अगदी लहान शब्द घेणार आहोत. स्पॅनिशमधला ‘आय’. लिहिताना सुरुवातीला ‘ह’चं अक्षर येतं, पण स्पॅनिशमध्ये ते मुकं असतं. अर्थ सरळ आहे : ‘आहे’ किंवा ‘आहेत’. ‘आय उन लिब्रो’, एक पुस्तक आहे. ‘आय दोस लिब्रोस’, दोन पुस्तकं आहेत. बघा, पुस्तकं दोन झाली तरी ‘आय’ जागचा हलला नाही. असं का, हे समजलं की बरंच काही समजतं.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘हाबेरे’ या धातूत आहे. त्याचा अर्थ ‘जवळ असणे, बाळगणे’. ‘आय’मधला शेवटचा ‘य’ हा ‘तिथे’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचा अवशेष मानतात. म्हणजे मुळात अर्थ काहीसा असा : ‘तिथे (त्याने) बाळगले आहे’. कोणी बाळगलं? कोणीच नाही. या वाक्याला कर्ता नाही. पुस्तक इथे व्याकरणाने कर्म आहे. ‘पुस्तकं आहेत का?’ असं विचारलं, तर उत्तर येतं ‘सी, लोस आय’. यातला ‘लोस’ म्हणजे ‘त्यांना’. कर्माशी क्रियापद जुळवून घेत नाही, म्हणून ‘आय’ एकवचनीच राहतो.

आता आपली मराठी बघू. आपल्याकडे ‘बाळगणे’ आहे, पण रोजच्या बोलण्यात आपण ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘मला दोन मुली आहेत’ असंच म्हणतो. म्हणजे आपण ‘असण्या’तून मालकी सांगतो. स्पॅनिशने उलट केलं. मालकीच्या क्रियापदातून तिने ‘असणं’ घडवलं आणि मालकीसाठी ‘तेनेर’ हे दुसरं क्रियापद वापरात आणलं. दोन भाषा एकाच पुलावरून उलट दिशांनी गेल्या.

शिकणारा अडखळतो तो पुढच्या पायरीवर. स्पॅनिशमध्ये ‘एस्ता’ हेही ‘आहे’च. मग कुठे काय? दुकानात गेलात, दूध मिळतं की नाही ठाऊक नाही, तर विचारायचं ‘आय लेचे?’ घरात दूध आणलेलं आहे, ते कुठे ठेवलंय एवढंच हवंय, तर ‘दोन्दे एस्ता ला लेचे?’ ‘आय’ नवी गोष्ट समोर आणतो. ‘एस्ता’ ओळखीच्या गोष्टीचा ठावठिकाणा सांगतो. मराठीत हे काम शब्दांचा क्रम करतो. ‘फ्रिजमध्ये दूध आहे’ आणि ‘दूध फ्रिजमध्ये आहे’ ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. फरक आपल्या कानाला आधीच ठाऊक आहे, आपण त्याला नाव दिलेलं नाही इतकंच.

बाकीचे उपयोग थोडक्यात. ‘आय के एस्तुदियार’, अभ्यास केला पाहिजे. कोणी, ते सांगायचं नाही, सगळ्यांनीच. ‘के आय?’, काय विशेष? भूतकाळात दोन रूपं : वर्णन करताना ‘आबिया’, घडून गेलेली घटना सांगताना ‘उबो’.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. कांटने १७८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटलं, की अस्तित्व हा वस्तूचा गुणधर्म नव्हे. ‘फूल लाल आहे’ यात फुलाबद्दल काही कळतं. ‘फूल आहे’ यात फुलात कशाची भर पडत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘आहे’, म्हणून आपली फसगत होते. स्पॅनिशमध्ये ‘लाल आहे’ला ‘आय’ चालतच नाही. म्हणून स्पॅनिश माणूस जास्त शहाणा असतो असं नाही. पण भेद दाखवायला त्याच्या हाताशी शब्द तयार असतो. ओर्तेगा इ गासेत यांनी १९२९ साली माद्रिदमध्ये दिलेल्या व्याख्यानांत तत्त्वज्ञानाची व्याख्या याच शब्दाने केली : जे जे काही ‘आय’, त्या सगळ्याचं ज्ञान.

हा भेद फक्त वर्गातला नाही. अर्जेंटिनात १९७६ साली लष्करी राजवट आली आणि हजारो माणसं नाहीशी केली गेली. एप्रिल १९७७ पासून त्यांच्या आया ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात जमू लागल्या. त्यांचा प्रश्न होता ‘दोन्दे एस्तान?’, कुठे आहेत? क्रियापद बघा. ‘अशी माणसं आहेत का?’ असं त्या विचारत नव्हत्या. आमची मुलं, नावागावाची, ती कुठे आहेत? १९७९ साली हुकूमशहा विदेला पत्रकारांपुढे म्हणाला, की बेपत्ता माणूस जिवंतही नाही, मृतही नाही, त्याला अस्तित्वच नाही. आया ठिकाण विचारत होत्या. उत्तरात अस्तित्वच काढून घेतलं गेलं.

आपले नैयायिक इथे मदतीला येतात. ते सांगतात, नुसता ‘अभाव’ असा नसतो. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो ‘प्रतियोगी’. घट माहीत असल्याशिवाय ‘इथे घट नाही’ म्हणता येत नाही. तेव्हा ‘तो नाही’ असं कोणी म्हटलं, की आपण आधी विचारावं : कोण नाही? त्या आया दर गुरुवारी मुलांचे फोटो आणि नावं घेऊन चौकात फिरत राहिल्या, त्या हेच विचारत होत्या.

इथे थांबू. पुढच्या वेळी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांच्यातला फरक पाहू.