अळंब्यांतले पाणी

परतवाड्याहून धारणीचा रस्ता धरला, की ज्या मेळघाटाची सागवने हळूहळू दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतात, त्या मेळघाटात पावसाच्या सरी जमिनीत मुरल्यानंतर वारुळांच्या आसपास पांढरी छत्री उभारून जी अळंबी वर येतात, त्यांना विदर्भात कोठे टेकोडे म्हणतात, कोठे सात्या म्हणतात, आणि ज्याने ती एकदा चाखली तो पुढच्या आषाढाची वाट पाहतो. ही शेती माणसाची नव्हे, वाळवीची आहे; वारुळाच्या उदरात वाळवी पालापाचोळा चावून त्याचे मऊ थर रचते, त्यांवर या बुरशीचे संगोपन करते आणि तिच्यावर स्वतःचा निर्वाह चालवते. या सहजीवनाची तजवीज माणसाला आपल्या चार भिंतींत अद्याप साधलेली नाही, म्हणून या अळंब्यांची व्यापारी लागवड होत नाही. हा मेवा रानाच्या मर्जीने येतो आणि रानाच्या मर्जीने जातो.

मात्र रानातील अळंबी ओळखण्याचे काम, ज्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यांच्याकडेच राहू द्यावे. विषारी अळंब्यांबरोबर शिजवल्यास चांदीचा चमचा किंवा लसणाची पाकळी काळी पडते, हा समज सर्वस्वी निराधार आहे. काही जातींतील विष शिजवण्याने नष्ट होत नाही, आणि उलट्या-जुलाबांचे पहिले लक्षण दिसेपर्यंत सहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक, उलटून गेलेले असतात.

बारमाही स्वयंपाकासाठी आपल्याला दोन जातींवर विसंबावे लागते. पांढऱ्या, गोल बटन अळंब्यांची लागवड सतराव्या शतकात पॅरिसच्या आसमंतात रुजली. तिला थंडी मानवते, म्हणून आपल्या देशात तिचे बस्तान हिमाचल प्रदेशातील सोलन येथे बसले आणि १९८३ मध्ये अळंबी-संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही तेथेच उभे राहिले. दुसरी जात धिंगरी. शिंपल्याच्या आकाराची ही अळंबी वीस ते तीस अंशांची उष्णता सोसतात आणि भिजवून, गरम पाण्याने शुद्ध करून घेतलेल्या सोयाबीनच्या कुटारावर किंवा गव्हांड्यावर वाढतात. ज्या वऱ्हाडात कुटाराचे ढीग शेताशेतांत पडलेले असतात, तेथे त्यांचे अगत्य अधिक वाटावयास हवे, असे मला मनापासून वाटते.

अळंबी आणि चीज यांचे जे तोंडीलावणे मी येथे सांगणार आहे, ते पहिल्या खेपेस माझ्या हातून बिघडले होते. भाजीच्या नित्य दस्तुराप्रमाणे मी फोडणीत अळंबी टाकली, लगेच मीठ घातले, वर झाकण ठेवले, आणि काही वेळाने पाहतो तो करड्या पाण्यात रबरासारखे तुकडे तरंगत होते. त्यावर चीज किसले, तेही त्या पाण्यात गुठळ्या होऊन बसले. दोष ना अळंब्यांचा होता, ना चीजचा. बटन अळंब्यांत वजनाच्या सुमारे नव्वद टक्के पाणी असते, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या पुड्यात सुमारे एकशे ऐंशी ग्रॅम नुसते पाणीच आपण विकत आणतो, आणि हे पाणी उडवून लावणे हीच या पदार्थाची खरी पाककृती आहे.

ते असे साधावे. अळंबी ओल्या फडक्याने पुसावीत किंवा वाहत्या पाण्याखाली झटकन धुऊन कोरडी करावीत, आणि प्रत्येकाचे चार भाग करावेत. पसरट कढई चांगली तापवून तीत चमचाभर तेल घालावे व तुकडे एका थरात पसरावेत. एकावर एक रचले तर वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजी उकडणे घडते. झाकण नको, मीठही तूर्त नको, कारण मीठ पाणी घाईने बाहेर ओढते. तीन-चार मिनिटांत कढईत पाणी सुटलेले दिसेल. घाबरू नये, आच मोठीच ठेवावी. पाण्याचा बुडबुड आवाज थांबून तेलाची चरचर पुन्हा ऐकू आली, की पाणी संपले असे समजावे. येथे अळंब्यांचा एक विशेष गुण कामी येतो: त्यांच्या पेशींच्या भिंती वनस्पतींप्रमाणे नसून कायटिन नावाच्या द्रव्याच्या असतात, जे झिंग्यांच्या कवचातही सापडते, आणि ते उष्णतेने विरघळत नाही, वांगे जसे अधिक शिजवल्यास गाळ होते तसे अळंबे होत नाही. म्हणून कडा तांबूस होईपर्यंत निश्चिंतपणे थांबावे, मग लहान चमचाभर लोणी, ठेचलेल्या लसणाच्या तीन-चार पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि मिरपूड घालून मिनिटभर परतावे. मीठ बेताने, कारण चीज खारट असते.

चीजचे मूळही पाणी काढण्यातच आहे. दहा लिटर दुधाचे साधारण एक किलो चीज होते. विरजण आणि रेनेट घालून दही धरवायचे, ते कापून निवळी काढून टाकायची आणि उरलेला गोळा मुरवायचा. आपल्याकडे हेच प्रयोजन खव्याने साधले. मेळघाटातील गवळी, चिखलदऱ्याजवळच्या मोथ्यासारख्या वस्त्यांत, म्हशीचे दूध कढईत आटवून दूरच्या बाजारापर्यंत टिकेल असे करतात, आणि धारणीच्या वाटेवरील सेमाडोहची रबडी हाही त्याच आटवण्याच्या कलेचा प्रसाद आहे.

चीजऐवजी पनीर चालेल का, असे पुष्कळदा विचारले जाते. चव लागेल, पण वितळणार नाही. पनीर तापलेल्या दुधात आंबट घालून फाडतात. त्या आम्लाने प्रथिनांना धरून असलेले कॅल्शियम निवळीत निघून जाते आणि तापवताना दुधातील प्रथिने परस्परांना अशी घट्ट बिलगतात, की पुढे कितीही उष्णता दिली तरी सैल पडत नाहीत. रेनेटने धरलेल्या चीजचे जाळे उष्णतेने ढिले होते. डब्यातील प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेट यांसारखे क्षार असल्यामुळे ते तेल न सोडता एकजीव वितळते, म्हणून घरगुती कामाला तेच सोयीचे. कढई उतरवून चाळीस-पन्नास ग्रॅम किसून वरून पसरावे आणि आता मात्र झाकण ठेवावे. दोन मिनिटांत कढईच्या अंगच्या उष्णतेनेच ते पसरते.

या दोन जिनसांची मैत्री जुळण्याचे कारणही आहे. मुरलेल्या चीजमध्ये आणि अळंब्यांत ग्लुटामेट नावाचे द्रव्य असते, आणि अळंब्यांतील आणखी एका द्रव्याची जोड मिळाली की त्याची गोडसर, मांसल म्हणावी अशी चव कैकपट वाढते.

वाढताना हा पदार्थ पानाच्या डाव्या बाजूस, चटणीच्या शेजारी, एक-दोन चमचेच वाढावा. वाटीभर वाढला तर जड होतो. दोनशे ग्रॅममध्ये तिघांचे भागते. ज्वारीची भाकर त्याबरोबर उत्तम, आणि कढईच्या तळाशी चीजची जी खरपूस खापरी धरते, ती भाकरीच्या तुकड्याने गरम असतानाच पुसून घ्यावी, कारण थंड झाल्यावर ती कढई सोडत नाही.