मांजरांचं शेल्टर नव्या जागेत हलवणं इतकं अवघड का असतं?

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं म्हणतात. आज माळ्यावर दिसलेली पिल्लं परवा शेजारच्यांच्या कपाटात सापडतात, चार दिवसांनी जळणाच्या ढिगामागं. माणसांनी हात लावला, बोका वास काढत आला, जागा ओली झाली, काहीही कारण पुरतं. मानेला धरून एकेक पिल्लू उचलायचं आणि चालू पडायचं.

पण हीच मांजर, तिला दुसऱ्या कुणी उचलून नेलेलं मात्र अजिबात खपवून घेत नाही. कोल्हापुरात जुन्या पेठेतल्या कुठल्याही घरी विचारा. 'पोत्यात घालून पंचगंगेपलीकडं सोडली होती, चौथ्या दिवशी चुलीपाशी हजर' हा किस्सा कुणी ना कुणी सांगतंच. त्यात तिखटमीठ असेल, पण मुळात खोटं काही नाही. १९२२ मध्ये फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं एका मांजरीला तिच्या पिल्लांपासून दूर नेऊन सोडण्याचा प्रयोग केला. एक मैलापासून चार मैलांपर्यंतच्या अंतरावरून ती पुन्हा पुन्हा परत आली.

आता अशी एक नाही, शंभर मांजरं आहेत असं धरा. कुणी लंगडी, कुणी आंधळी, कुणी आठ दिवसांची. आणि त्या सगळ्यांना एका जागेतून उचलून दुसऱ्या जागेत न्यायचंय. शेल्टर 'शिफ्ट' होतंय अशी पोस्ट दिसली की खाली 'अभिनंदन' आणि हार्ट पडतात. प्रत्यक्षात तो महिना शेल्टरसाठी वर्षातला सगळ्यात धोक्याचा असतो.

मुळात जागा बदलावी का लागते?

बहुतेक शेल्टर भाड्याच्या किंवा कुणीतरी तात्पुरत्या दिलेल्या जागेत सुरू होतात. करार संपतो, मालकाला बांधकाम करायचं असतं किंवा शेजारी वैतागतात. हे फक्त इथलंच नाही. लंडनमधलं जगप्रसिद्ध बॅटरसी शेल्टर १८६० मध्ये सुरू झालं ते हॉलोवे भागात. आवाजाच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १८७१ मध्ये ते बॅटरसीला गेलं. तोवर तिथं फक्त कुत्रीच होती, मांजरं घ्यायला त्यांनी १८८३ मध्ये सुरुवात केली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हेन्रिएट व्हॅन वील्डे या बाईंनी १९६६ मध्ये एक मांजर आणि तिची पिल्लं घरात घेतली. बघता बघता घर भरलं, अंगण भरलं. जमिनीवर जागा मिळेना, तेव्हा त्यांनी १९६८ मध्ये एक जुनी बोट विकत घेऊन मांजरं कालव्यात हलवली. ती 'मांजरांची बोट' आजही पर्यटक बघायला जातात.

कोल्हापुरात बोटीचा विचार जरा वेगळ्या अर्थानं करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या. सुतारवाड्यातली माणसं तर जवळपास दर पावसाळ्यात घर सोडून निवारा केंद्रात जातात. पूर आला की माणसं भांडीकुंडी आणि म्हैस घेऊन निघतात. पिंजऱ्यात बंद असलेल्या मांजराला मात्र कुणी दार उघडलं नाही तर दुसरा मार्ग नसतो. त्यामुळं या शहरात प्राण्यांसाठी जागा बघताना भाडं किती, रस्ता कसा, याच्या आधीचा प्रश्न असतो तो पूररेषेचा. 'या जागेत २०१९ ला पाणी कुठवर होतं?' हे शेजारच्या दुकानदाराला विचारलं तरी भिंतीवरची खूण दाखवून उत्तर मिळतं. फुकट मिळालेली नदीकाठची जागा एका रात्रीत सगळ्यात महाग पडू शकते.

हलवण्याची वेळही पावसावरच ठरते. मृग लागायच्या आत मांजरं रुळलेली असायला हवीत. पण एप्रिल-मेच्या उन्हात बंद टेम्पोत पिंजरे भरणंही घातक. म्हणजे खरी संधी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच उरते. घरमालकानं मार्चमध्ये नोटीस दिली तर शेल्टरवाले का हबकतात, ते यावरून कळेल.

मांजराला जागेचं एवढं काय असतं?

'कुत्रं माणसाला ओळखतं, मांजर घराला' ही म्हण थोडी अन्यायकारक आहे, मांजरं माणसालाही ओळखतात. पण तिचं घर भिंतींचं नसतं, वासाचं असतं. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, तुमच्या पोटरीला ती गाल घासते तेव्हा तिथं स्वतःचा वास लावत असते. माणसाला तो येत नाही. तिला मात्र त्या वासावरून कळतं की इथं मी सुरक्षित आहे. नवी इमारत कितीही चकाचक असली तरी त्यात हा वास शून्य. वर ताज्या रंगाचा आणि फिनेलचा भपकारा.

म्हणून अनुभवी लोक एक विचित्र वाटणारी गोष्ट करतात. नव्या जागेत जुनी, न धुतलेली अंथरुणं नेतात. देणगीदारांना वाटतं, एवढी नवी गादी दिली आणि हे कळकट गोणपाट कशाला? पण पहिल्या रात्री त्या गोणपाटाचाच आधार असतो.

दुसरा आधार फुकटात मिळतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शेल्टरमध्ये नव्यानं आलेल्या १९ मांजरांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाली मांजरं पहिल्या काही दिवसांतच बरीच निवांत झाली, बाकीच्यांना जास्त वेळ लागला. खोकं, बस्स! किराणा दुकानाबाहेर पडलेलं असतं तसलं. शेल्टरला काय द्यावं असा प्रश्न पडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

भीती वाटते एवढंच ना? मग धोका कसला?

इथं विषय गंभीर होतो. मांजरांमध्ये एक हर्पीस विषाणू फार पसरलेला असतो. एकदा सर्दी होऊन बरी झालेली मांजर तो आयुष्यभर अंगात बाळगते, त्रास काही नसतो. पण ताण आला की तो जागा होतो. फक्त घर बदलल्यामुळं असं होतं का, हे १९७० च्या दशकात तपासलं गेलं, तेव्हा जवळपास १८ टक्के मांजरं पुन्हा विषाणू बाहेर टाकताना आढळली. आणि हे लगेच होत नाही, साधारण आठवडाभरानं होतं. म्हणजे शिफ्टिंग 'यशस्वी' झाल्याची पोस्ट टाकून झालेली असते आणि मग एकामागून एक मांजर शिंकायला लागते. नाक चोंदलं की वास येत नाही, वास आला नाही की मांजर खात नाही. जाड मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिली तर लिव्हरमध्ये चरबी साचून ती दगावू शकते. त्यामुळं नव्या जागेत पहिले दोन आठवडे कुणी किती खाल्लं याची वही ठेवणं हे रिबन कापण्यापेक्षा महत्त्वाचं.

त्याहून वाईट म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्व्होचाच हा भाऊबंद. लस न दिलेल्या पिल्लांमध्ये शिरला तर खोलीच्या खोली रिकामी करतो. हा विषाणू फरशीच्या फटीत, पिंजऱ्याच्या गजावर वर्षभरही टिकू शकतो. म्हणून जुन्या शेल्टरमधलं सगळं सामान उचलून नव्या जागेत नेणं धोक्याचं, आणि आधी कुणीतरी मांजरं ठेवलेली 'तयार' जागा भाड्यानं घेणंही धोक्याचं.

मग गोणपाटाचं काय? ते त्याच मांजराचं आणि ती मांजर निरोगी असेल तरच न्यायचं. आजारी खोलीतलं काहीही न्यायचं नाही, ते जाळायचं.

आणि फिनेल? भारतात जागा स्वच्छ करायची म्हटलं की हात आपोआप फिनेलच्या बाटलीकडं जातो. या विषाणूवर त्याच्यावर विसंबता येत नाही आणि मांजराला ते विषारी असतं. त्यातली फिनॉल वर्गातली रसायनं पचवण्याची यंत्रणा तिच्या लिव्हरमध्ये नीट नसते, आणि ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटणारच. त्यापेक्षा आधी साबणानं घाण काढायची, मग ३२ भाग पाण्यात १ भाग साधं ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायचं. घरी मांजर पाळणाऱ्यांनीही बाटलीवरचं लेबल एकदा वाचावं.

नवी जागा मोठी आहे, मग जास्त मांजरं मावतील की!

हा सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. अमेरिकेतल्या शेल्टरमध्ये काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनं एकत्र ठेवलेल्या प्रत्येक मोठ्या मांजरासाठी किमान १८ चौरस फूट जागा सांगितली आहे. दहा बाय बाराची खोली डोळ्यासमोर आणा. त्या हिशेबानं तिथं सहा मांजरं मावतात. आणि नव्या जागेची बातमी पसरली की पहिल्याच आठवड्यात गेटवर खोकी यायला लागतात. बाहेरून आलेल्या प्रत्येक मांजराला निदान दोन आठवडे वेगळं ठेवावं लागतं, कारण पॅनल्यूकोपेनियाची लक्षणं दिसायला तेवढा वेळ लागू शकतो. ती वेगळी खोली भरली की नाही म्हणावंच लागतं. त्यावर 'एवढी मोठी जागा घेतली आणि एक पिल्लू घेत नाहीत' अशी कमेंट ठरलेली.

प्रत्यक्षात हलवतात कसं?

एका दिवसात, एका टेम्पोत, हे सगळ्यात वाईट. नवी जागा आधी पूर्ण तयार हवी, तिथं चार-सहा निरोगी मांजरं ठेवून आठवडाभर बघितलं तर गळकं छप्पर आणि जाळीतली फट दोन्ही कळतात. मग एकमेकांशी जमणाऱ्या मांजरांचे गट तसेच्या तसे न्यायचे. पिंजरे चादरीनं झाकून, भल्या पहाटे. नुकतीच व्यालेली मांजर शक्यतो सगळ्यात शेवटी. आजारी मांजरांची फेरी वेगळी. कायद्यानंही यात लक्ष घातलंय. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि प्रवासाला योग्य असल्याचं पशुवैद्याचं प्रमाणपत्र त्यात मागितलंय.

दाराला दार हवं, म्हणजे बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. तरीही एखादी निसटतेच. अशा वेळी लोक स्कूटर घेऊन गावभर शोधतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरवलेल्या १,२१० मांजरांची माहिती गोळा केली होती. सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आतच मिळाली. त्यामुळं आधी शेजारचा जिना, गटाराची मोरी, उभ्या ट्रकखालची जागा. तीही रात्री, शांततेत, बॅटरी घेऊन.

जुन्या जागेत मागं कोण राहतं?

कोल्हापुरात प्राणी हलवण्याचा विषय निघाला की २०२५ आठवतं. कोर्टाच्या आदेशानं नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरच्या 'वनतारा'त नेली तेव्हा अख्खा जिल्हा रस्त्यावर आला. मांजरांसाठी कुणी मोर्चा काढणार नाही. पण शेल्टरच्या भिंतीबाहेरही काही मांजरं असतात, जी कधी आत आलीच नाहीत. फक्त संध्याकाळच्या ताटलीपुरती येतात. तो त्यांचा इलाका असतो. त्यांना पकडून नव्या परिसरात सोडलं तर तिथल्या मांजरांशी मारामाऱ्या, नाहीतर परतीच्या वाटेवरचा हायवे. त्यामुळं ती तिथंच राहतात आणि शेल्टर गेलं तरी त्यांना खायला घालणारं कुणीतरी नेमून जावं लागतं.

दुसरा प्रश्न तुमच्या-आमच्या फोनमधला आहे. 'पिल्लं सापडली तर इथं संपर्क करा' ही तीन वर्षांपूर्वीची पोस्ट अजून फिरत असते. पत्ता जुना, नंबर बंद. कुणीतरी रात्री अकराला त्या पत्त्यावर येतो, गेटला कुलूप बघतो आणि 'सकाळी कुणीतरी येईलच' म्हणून खोकं ठेवून जातो. सकाळी कुणी येत नाही.

उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एका मिसळीपेक्षा कमी. कायद्याच्या धाकानं हे थांबेल अशी आशा कमीच.

म्हणून नीट हललेली शेल्टर आणखी एक काम करतात. जुन्या गेटवर नवा पत्ता आणि नंबर मोठ्या अक्षरांत रंगवतात, जुन्या पोस्ट शोधून त्यात बदल करतात, आणि काही महिने रोज रात्री नि सकाळी एक माणूस जुन्या गेटवर चक्कर मारतो. हातात एक टोपली, थोडं खाणं आणि बॅटरी.