गायरान गेलं, वाघर उसाकडेला लागली

दिवाळी उरकली की पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीची मेंढरं पश्चिमेला चालू लागतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, झोळीत चालता न येणारी कोकरं. कोकणात उन्हाळा काढायचा आणि पावसाच्या तोंडाला परतायचं, हा पिढ्यांचा रिवाज. यातले काही कळप शिक्रापूर, चाकण, तळेगाव असा पट्टा ओलांडून मावळात उतरतात. याच पट्ट्यात गेल्या सत्तर वर्षांत कारखाने आले, ऊस आला, अभयारण्य आलं आणि बिबट्याही आला. मेंढपाळ आणि वन्यजीव यांच्या भांडणाच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे या चौघांची सरमिसळ आहे.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात टेल्को आली. भोसरी-आकुर्डीच्या माळांवर शेड चढू लागल्या. त्यावर फारसं कुणी रडलं नाही, कारण माळ म्हणजे रिकामी जागा हा समज सरकारी दप्तरात होता तसाच गावकऱ्यांच्या डोक्यातही होता. 1982 मध्ये महापालिका झाली, 1997 मध्ये मोशी, चऱ्होली, चिखली, तळवडे अशी गावं तिच्या हद्दीत आली. गायरान मुळात सरकारच्या मालकीचं, ग्रामपंचायत नुसती राखणदार. राखणदारच उठला, मग चराईचा हक्क मागायचा कुणी? मोशीच्या गायरानात आता रुग्णालयाची जागा ठरली आहे. रुग्णालयाला कोण नाही म्हणेल? गायरान हे असंच जातं, प्रत्येक वेळी नाही म्हणता न येणाऱ्या कामासाठी.

चाकणला हे उशिरा आणि भराभर झालं. 1999 मध्ये बजाजचा कारखाना, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. शनिवारचा जनावरांचा बाजार मात्र टिकला. शेळ्या-मेंढ्यांचा व्यवहार अजून तिथे होतो, फक्त ती चारायला न्यायची कुठे, हे विचारायची सोय नाही.

दुसरी कुंपणं निसर्गाच्या नावाने पडली. 1972 हे साल दुष्काळाचं म्हणून लक्षात राहिलं. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. लांडगा पुढे त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. तोवर मेंढपाळ लांडग्याच्या बिळात धूर करून पिल्लं मारत असे. ते क्रूर होतं, आणि ते थांबायलाच हवं होतं. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं. ज्या खेड तालुक्याच्या पूर्वेला चाकण आहे, त्याच्याच पश्चिम टोकाला हे शेकरूचं रान. एकाच तालुक्यात एका बाजूला यंत्रांसाठी कुंपण आणि दुसऱ्या बाजूला शेकरूसाठी, मधून मेंढरांनी जायचं.

पण मेंढपाळाला सगळ्यात जास्त नडलं ते अभयारण्य नव्हे, वृक्षारोपण. चराईबंदी-कुऱ्हाडबंदीचा मंत्र राळेगणसिद्धीतून राज्यभर गेला. राळेगणला पाणी आलं हे खरंच; पण एका गावाने चराई बंद केली की कळप शेजारच्या गावात जातो, आणि शेजारच्यानेही तेच केलं की रस्त्यावर येतो. राळेगण आणि ढवळपुरी एकाच तालुक्यात आहेत, हे पाणलोटाच्या यशोगाथांत वाचल्याचं मला आठवत नाही. पुढे 2016 ते 2019 या काळात राज्याने 50 कोटी झाडांचा संकल्प सोडला. माळावर समतल चर खणले, गिरिपुष्प लावलं, फलक लावला. जिथे मुळात गवतच उगवायचं, तिथे झाड नीट जगलं नाही आणि गवतही गेलं. मेंढपाळाच्या हातात दंडाची पावती आली. लांडग्याच्या हातात काय आलं? सासवड, जेजुरी, बारामती, इंदापूरकडच्या उरल्यासुरल्या माळांवर तो आहे, पण तिथेही भटक्या कुत्र्यांशी त्याचा संकर झाल्याचं पुण्याजवळ जनुकीय तपासणीतून दिसलं आहे. ज्याच्या रक्षणासाठी कायदा झाला, त्याचं घर वनखात्यानेच खणून काढलं. मेंढरांनी एवढं नुकसान केलं नव्हतं.

माळ मिटला तसा कळप शेतात शिरला. कांदा निघालेलं रान, बाजरीची धसकटं, तुटलेल्या उसाचा फड. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवतो, पूर्वी धान्य द्यायचा, आता रोख देतो. कुकडी प्रकल्पाच्या आणि चासकमानच्या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हिरवेगार झाले आणि उसात बिबट्याच्या पिढ्या वाढल्या. मेंढरांचा मुक्काम आता थेट त्याच्या दारात पडतो.

हा मुक्काम पाहण्यासारखा असतो. ऊन कलतं तसे बायका खुंट्या ठोकतात, त्यावर वाघर ताणतात. वाघर म्हणजे दोरीची जाळी, माणसाच्या कमरेच्या वर जेमतेम. मेंढीला ती पुरते, बिबट्याला ती अडथळाच नाही. कोकरं वेगळी, डालग्याखाली. माणसं जाळीलगत उघड्यावर, कुत्री चारी कोपऱ्यांना. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अकोले खोऱ्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला, शेळ्यांचा 11. म्हणजे राखणदारच आधी ताटात जातो.

2001 नंतर जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा सपाटा लागला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत, मग 17 होऊ लागले, आणि त्यातले जीवघेणेही वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, हे तेव्हा कळलं. त्यानंतर माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजऱ्यांची गर्दी झाली.

मेंढी मेली तर भरपाई आहे. 2022 पासून बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार, यातलं कमी ते. अट अशी की 48 तासांत कळवायचं आणि पंचनाम्यापर्यंत मृत जनावर हलवायचं नाही. वस्तीवरच्या शेतकऱ्याला हे जमतं. ज्याचा वाडा रोज उठतो, उद्या ज्याचं रान दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याशी ठरलंय, त्याने मेलेल्या मेंढीपाशी थांबायचं की जिवंत तीनशे उपाशी ठेवायच्या? बरेच जण पंचनाम्याची वाट न बघता पुढे निघतात. ते नुकसान कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि मग बैठकीत आकडा दाखवून सांगतात की मेंढपाळांची फारशी तक्रार नाही.

चराईवर निर्बंध आले म्हणून गप्प न बसणारेही असतात. अमेरिकेत नेवाडातल्या क्लाइव्हन बंडी नावाच्या पशुपालकाने 1993 पासून सरकारी कुरणाची फी भरणं थांबवलं. वाळवंटी कासवासाठी त्याच्या गुरांवर मर्यादा आली होती. 2014 मध्ये सरकार गुरं उचलायला गेलं तेव्हा त्याचे समर्थक बंदुका घेऊन उभे राहिले आणि सरकार मागे हटलं. आपला धनगर मात्र दंड भरून पुढच्या गावाला जातो. त्याच्या शांततेचं कौतुक करायला मी धजत नाही. त्याला बंदूक काय, मतदारसंघही नाही, कारण मतदानाच्या दिवशी तो बहुधा परमुलखात असतो.

बाकीच्यांचा आवाज लवकर पोहोचतो. मार्च 2022 मध्ये चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात बिबट्या शिरला तेव्हा काम थांबलं, माणिकडोहचं पथक आलं आणि काही तासांत त्याला बेशुद्ध करून नेलं. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेडला लहान मुलांचे बळी गेल्यावर लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला आणि अखेर बिबट्याला गोळी घातली गेली. त्यांचा संताप खोटा नव्हता. मेंढपाळांच्या पालांतूनही याआधी लेकरं उचलली गेली आहेत, महामार्ग तेव्हा चालूच होता. पुढे डिसेंबरमध्ये वनमंत्र्यांनी सुचवलं की बिबट्यांसाठी जंगलात शेळ्या सोडाव्यात. ज्या जंगलात मेंढपाळाची शेळी गेली की दंड होतो, त्याच जंगलात!

गायरानांचं काय झालं, याचा हिशेब न्यायालयांतही झाला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात सामाईक जमिनी वाचवायला सांगितलं, राज्यानेही त्याच वर्षी शासन निर्णय काढला. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवायचे आदेश दिले तेव्हा चर्चा झाली ती घरांची. चराईची बाजू मांडायला कुणी नव्हतं.

सरकार महामेष योजनेतून मेंढ्या देतं. गवत देणारी तरतूदही कागदावर आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(1)(ड) भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य करतं. पण दावा करायचा तो वनाच्या गावच्या ग्रामसभेत, आणि अनुसूचित जमातीत नसलेल्याने तिथे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या यादीत आहेत, आणि त्या पंचाहत्तर वर्षांत ते वाटेवरच्या कुठल्याही एका गावात चार-आठ दिवसांवर थांबलेले नाहीत.