आधी व्होल्ट, मग प्रोग्राम

कारखान्यातले चालते मशीन मधूनच थांबू लागले की पहिली हाक बहुधा प्रोग्रामरला जाते. तो लॅपटॉप जोडतो, लॉजिकच्या पायऱ्या एकेक करून तपासतो, कुठे टायमर वाढवून पाहतो. त्याच पॅनलच्या कोपऱ्यात २३० व्होल्ट एसी घेऊन २४ व्होल्ट डीसी देणारा एसएमपीएस हिरवा दिवा लावून बसलेला असतो, म्हणून त्याच्या वाटेला कोणी जात नाही. वास्तविक प्रोग्राम काल होता तोच आज आहे. कोणी हात लावल्याशिवाय तो बदलत नाही. बदलतात ते टर्मिनलचे स्क्रू, वायरचे इन्सुलेशन, तापलेले कपॅसिटर आणि वर्षभरात हळूच वाढवलेला लोड. तरीही तपास लॅपटॉपपासून सुरू होतो, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हा प्रोग्राम चालवणाऱ्या पीएलसीच्या बाबतीत पुरवठा आहे की नाही एवढे विचारून भागत नाही. तो किती आहे, कुठे आहे आणि कोणत्या क्षणी आहे, हे विचारावे लागते. या प्रश्नांची उत्तरे पॅनल बसवतानाच लिहून ठेवली, तर पुढचे बरेच ‘गूढ’ बिघाड गूढ राहत नाहीत.

आधी ‘किती’ पाहू. मॉड्युलर पीएलसी म्हणजे एका सीपीयूशेजारी गरजेप्रमाणे इनपुट-आउटपुटची कार्डे जोडत जाण्याची सोय. पण प्रत्येक कार्ड वीज खाते, आणि तीही दोन खात्यांतून : आतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी ५ व्होल्ट, सेन्सर आणि रिलेसाठी २४ व्होल्ट. सीमेन्सच्या एस७-१२०० मालिकेतला १२१४सी हा सीपीयू शेजारच्या कार्डांना ५ व्होल्टवर १६०० मिलिअँपिअर आणि सेन्सरसाठी २४ व्होल्टवर ४०० मिलिअँपिअर देऊ शकतो. त्याला ८ इनपुट आणि ८ रिले आउटपुटची तीन कार्डे जोडली, तर ५ व्होल्टचे खाते जेमतेम ४३५ पर्यंत जाते. फिटर निर्धास्त होतो. आता दुसरे खाते मांडा. प्रत्येक इनपुटला ४ आणि प्रत्येक रिलेच्या कॉइलला ११ मिलिअँपिअर धरले, तर एका कार्डाचे १२० आणि तिन्हींचे ३६० होतात. सीपीयूच्या स्वतःच्या १४ इनपुटचे ५६ मिळवले की बेरीज ४१६, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. हा तुटवडा सगळे इनपुट आणि सगळे रिले एकाच वेळी चालू असतात तेव्हाच जाणवतो, म्हणून बिघाड ‘कधीतरीच’ येतो आणि प्रोग्रामवर संशय जातो. उपाय म्हणजे काही लोडला बाहेरून वेगळा २४ व्होल्ट पुरवठा देणे. मात्र तो सीपीयूच्या सेन्सर पुरवठ्याला समांतर जोडायचा नाही. दोन स्रोत आपापले व्होल्टेज राखायला एकमेकांशी झगडतात आणि त्यात एखादा कायमचा जातो.

दुसरा प्रश्न ‘कुठे’चा. २४ व्होल्टवर चालणाऱ्या पीएलसी उपकरणांसाठी प्रमाणित मर्यादा २०.४ ते २८.८ व्होल्ट आहे. हे व्होल्टेज उपकरणाच्या टर्मिनलवर मिळायला हवे, एसएमपीएसच्या नव्हे. पॅनलपासून ५० मीटरवर २ अँपिअर घेणारा व्हॉल्व्हचा संच १ चौरस मिलिमीटरच्या वायरने जोडला, तर जाऊन-येऊन १०० मीटर तांबे लागते आणि त्याचा रोध सुमारे १.९५ ओहम भरतो. वाटेतच ३.९ व्होल्ट गळतात आणि पोचतात २०.१. हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घातली तर गळती १.६ व्होल्टवर येते. यावर ठरलेला तोडगा असा, की एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज २७ करावे. तो अगदीच चुकीचा नाही, मर्यादेतही बसतो. पण जवळच्या सोलेनॉइडना विनाकारण २७ मिळतात, कॉइलमधली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढून सव्वापट होते, आणि एसएमपीएसची एकूण वॅट क्षमता तेवढीच असल्याने त्याच्यातून काढता येणारा करंट घटतो. वायरचे वाचवलेले पैसे मग कॉइल बदलण्यात जातात.

तिसरा प्रश्न ‘कोणत्या क्षणी’चा. सगळ्यात जास्त चकवतो तो हाच. २४ व्होल्टच्या प्रत्येक फांदीवर साधा एमसीबी लावण्याची पद्धत सर्रास आहे. पण ६ अँपिअरचा ‘सी’ कर्व्हचा एमसीबी तत्काळ पडायला एसीवर ३० ते ६० अँपिअर लागतात, आणि डीसीवर त्याहून जास्त. १० अँपिअरचा एसएमपीएस तेवढे देतच नाही. शॉर्ट झाला की तो करंट रोखून धरतो आणि व्होल्टेज खाली सोडतो. परिणामी फील्डमधल्या एका सेन्सरची केबल चेपली की एमसीबी जागचा हलत नाही, मात्र साऱ्या पॅनलचे २४ व्होल्ट कोसळतात आणि सीपीयू रीस्टार्ट होतो. केबल जराशी सरकते, शॉर्ट सुटतो, दिवा पुन्हा हिरवा. पाहणाऱ्याला मागमूसही राहत नाही. अशा ठिकाणी नेमलेल्या करंटच्या थोडे वर गेले तरी त्या फांदीपुरता तोडणारा इलेक्ट्रॉनिक ब्रेकर लावावा, किंवा निदान सीपीयूचा पुरवठा व्हॉल्व्हच्या पुरवठ्यापासून वेगळा ठेवावा.

‘मग मोठा एसएमपीएस घ्या, विषय संपला’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हिशेबाच्या वर थोडी शिल्लक हवीच, पण आकार वाढवल्याने वायरमधली गळती कमी होत नाही, आणि शॉर्टच्या वेळी बारीक वायरीतून वाहणारा करंट मात्र वाढतो. उष्णतेचाही प्रश्न तसाच राहतो. मे महिन्यात बुटीबोरीच्या शेडमध्ये ४५ अंश असतील, तर बंद पॅनलच्या आत ते ५५ किंवा अधिकही होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. म्हणून एसएमपीएस उभाच बसवायचा, त्याच्या वर-खाली निर्मात्याने सांगितलेली मोकळी जागा सोडायची, आणि ड्राइव्हसारखे तापणारे उपकरण त्याच्या खाली ठेवायचे नाही, कारण गरम हवा वर चढते.

‘जुन्या रिले पॅनलला असले लाड लागत नव्हते’ ही तक्रार खरी आहे. एकदा खेचलेला रिले व्होल्टेज बरेच खाली येईपर्यंत सुटत नाही. प्रोसेसर तेवढा सोशिक नसतो. व्होल्टेज मर्यादेखाली गेले की तो चुकीचा निर्णय घेण्यापेक्षा थांबणे पसंत करतो, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच योग्य आहे. पण अर्थिंगचा नियम दोन्ही काळांत तोच आहे. २४ व्होल्ट पुरवठ्याचा शून्य व्होल्ट एका ठिकाणी अर्थला जोडायचा. तो तसाच तरंगता ठेवला, तर पहिला अर्थ फॉल्ट कोणाला कळत नाही. दुसरा झाला की या दोन फॉल्टमधून बंद स्विचला वळसा घालून करंट वाहू शकतो आणि मशीन कोणी बटण न दाबता सुरू होऊ शकते. शून्य अर्थला जोडलेला असेल, तर पहिल्याच फॉल्टला त्या फांदीचे संरक्षण तुटते आणि दोष उघडा पडतो. ते संरक्षण आधी सांगितल्याप्रमाणे योग्य निवडलेले असावे, एवढीच अट.

बिघाड शोधतानाही हाच क्रम लावावा. लोड सर्वांत जास्त असताना मल्टिमीटरने आधी एसएमपीएसच्या टर्मिनलवर मोजावे, मग सीपीयूवर, मग फील्डमधल्या शेवटच्या उपकरणावर. पहिला आकडा चांगला आणि शेवटचा खराब असेल, तर दोष वाटेत आहे : बारीक वायर, सैल स्क्रू किंवा फेरूल न लावता कोंबलेले तंतू. पहिलाच आकडा खराब असेल, तर मेन स्विच बंद करून आउटपुटची वायर सोडवावी आणि पुन्हा चालू करून मोजावे. २४ व्होल्ट परतले तर ओव्हरलोड किंवा शॉर्ट बाहेर आहे. परतले नाहीत आणि इनपुटला वीज ठीक असेल, तर युनिट गेले. क्षणिक घसरण साधा मीटर दाखवत नाही, त्यासाठी किमान मूल्य नोंदवणारा मीटर लागतो. हिरव्या दिव्याचेही तेच. तो एसएमपीएसपुरता बोलतो, शंभर फुटांवरच्या व्हॉल्व्हबद्दल त्याला काही ठाऊक नसते.

‘उत्पादन थांबलेले असताना एवढे मोजत कोण बसेल, नवा एसएमपीएस टाका आणि चालू करा’ हा आक्षेप वेळेच्या ताणातून येतो आणि त्या घडीला तो बरोबरही असतो. बदलावा, मशीन सुरू करावे. पण उष्णता, लोड आणि वायर तशीच राहिली, तर नवे युनिटही त्याच वाटेने जाईल. तिन्ही ठिकाणी मोजायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि तुलनेला मूळ आकडे हाताशी असले तर त्याहून कमी. म्हणून पॅनल ताब्यात घेतानाच वायरिंगच्या नकाशासोबत पुरवठ्याचा हिशेबही मागून घ्यावा : प्रत्येक कार्डाचा करंट, प्रत्येक लांब केबलमधली गळती आणि पूर्ण लोडवर मोजलेले व्होल्ट. नवे कार्ड जोडणाऱ्याने त्यातली बेरीज आधी दुरुस्त करावी, मगच स्क्रू ड्रायव्हर उचलावा. प्रोग्रामरला बोलवायचेच असेल, तर हे आकडे बरोबर निघाल्यावर बोलवावे. त्याचाही वेळ वाचेल.