फेरफाराची वही मागे वाचताना

सातबारा आपण सगळेच पाहतो. पण त्यावरच्या नावाशेजारी कंसात किंवा वर्तुळात एक आकडा असतो, त्याकडे किती जण पाहतात? तो फेरफाराचा नंबर. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, तिचा अनुक्रमांक. या वहीत रकाने चारच: अनुक्रमांक, हक्क कसा मिळाला, परिणाम कोणत्या गटावर झाला, आणि तपासणी अधिकाऱ्याचा शेरा.

आता असं पाहा, इथं एका ओळीचा अर्थ दुसऱ्या ओळीत असतो, आणि ती ओळही याच वहीत. म्हणून वही दोन बोटांनी वाचायची. एक बोट आजच्या नोंदीवर, दुसरं तिसऱ्या रकान्यात तोच गट शोधत मागं न्यायचं. संगणकही वेगळं काही करत नाही बरं का. एकच तक्ता दोन नावांनी शेजारी मांडतो आणि गट नंबर जुळवतो.

समजा, गट 112. सातबारावर दोघे भाऊ, आकडा 1840. ती नोंद वाटणीची. मागं गेलं की 1507. गट जुळला, पण तो सोसायटीच्या कर्जाचा बोजा, मालकीशी संबंध नाही. सोडा. आणखी मागं 1312: बाप वारला, वारस दोन मुलगे आणि एक मुलगी. मग बहिणीचं नाव गेलं कुठं? 1312 आणि 1840 यांच्या मध्ये या गटाची हक्कसोडीची एकही ओळ नाही! नुसता सातबारा पाहून हे कधीच दिसलं नसतं. महसूल कायदा, 1966 चा, प्रमाणित नोंद खरी धरतो. पण विरुद्ध शाबीत होईपर्यंतच.

गुरुजींनी अशा पाचसहा ओळी फळ्यावर मांडून मुलांकडून मागचा माग काढून घ्यावा. एखादी ओळ ‘रद्द’ शेऱ्याची ठेवावी. गट जुळतो म्हणून मुलं तिच्यावर हमखास थांबतात; शेरा वाचायचा राहतो. मोठी माणसंही तिथंच फसतात.

आणि गट अजिबात सापडेना झाला तर? 1947 च्या एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना झाली, तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. अशा वेळी एकत्रीकरणाचा तक्ता मागून जुना नंबर काढावा, आणि पुढचा शोध त्या नंबरावर चालू ठेवावा.