विश्लेषण : घरात संगणक एक, त्यात विंडोज आणि लिनक्स, दोन्ही कसे नांदणार?

मोखाडा, जव्हारकडच्या घरात संगणक असलाच तर बहुधा एकच असतो. त्याच्यावरच मुलीचा एमएस-सीआयटीचा सराव, धाकट्याचा अभ्यास आणि वडिलांनी जपलेले वनपट्ट्याचे, जातीच्या दाखल्याचे स्कॅन. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा लागते, शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत. मग जुना संगणक भंगारात काढायचा का? त्यात शेजारी लिनक्स बसवणे हा एक मार्ग आहे, पण तो सरसकट सुरक्षित नाही.

दोन प्रणाली एकत्र म्हणजे काय?

हार्डडिस्कचे भाग पाडून एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स ठेवले जाते. संगणक सुरू होताना ‘ग्रब’ नावाची यादी दिसते, त्यातून एक निवडायची. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. काही सेकंदांत निवड झाली नाही तर बहुधा लिनक्स सुरू होते. बटण दाबून कुणी चहा ठेवायला गेले, तर परत आल्यावर वेगळाच पडदा दिसणार. घरात सगळे विंडोजलाच सरावलेले असतील तर यादीत ते पहिले ठेवता येते.

विंडोज ठेवायचे कशाला?

एमएस-सीआयटीत शिकवले जाणारे एमएस ऑफिस लिनक्सवर थेट चालत नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायलीही तिथे अडखळू शकतात. मात्र शेजारी लिनक्स आले म्हणून जुने विंडोज सुरक्षित होत नाही. बँक, शिष्यवृत्तीचे अर्ज, ई-मेल ही कामे लिनक्समध्ये करावीत आणि विंडोज शक्यतो इंटरनेटशिवाय वापरावे. ही शिस्त घरात पाळली जाणार नसेल, तर दोन प्रणालींचा खटाटोप न केलेला बरा.

धोका नेमका कुठे?

बसवतानाच. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय चुकून निवडला, तर सगळ्या घराच्या फायली गेल्या. म्हणून आधी सगळी कागदपत्रे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ही पायरी टाळू नये. भाग पाडण्याचे काम चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची माहिती बिघडू शकते. पावसाळ्यात मोखाड्यात हे काम यूपीएस किंवा चार्ज केलेल्या लॅपटॉपशिवाय करू नये. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे, नाहीतर विंडोजची डिस्क लिनक्समध्ये नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही.

लिनक्स मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती एका दिवसात उतरत नाही. नाशिकला किंवा जव्हारला कुणी जाणार असेल तर पेनड्राइव्हवर आणणे सोपे.

एकमेकांच्या फायली दिसतात का?

दिसतात, आणि याचा विचार फार कमी जण करतात. डिस्क कूटबद्ध नसेल तर लिनक्सचा मुख्य पासवर्ड असलेला माणूस विंडोजचा पासवर्ड न टाकता तिथल्या फायली उघडू शकतो, पुसूही शकतो. उलट बाजूने मात्र विंडोजला लिनक्सचा भाग मुळात वाचता येत नाही. तेव्हा मुलांना साधी खाती द्यावीत आणि मुख्य पासवर्ड एका मोठ्या माणसाकडे ठेवावा.

आणखी एक किरकोळ डोकेदुखी : लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. संगणक बिघडलेला नसतो. लिनक्स घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्समध्ये स्थानिक वेळ ठेवण्याची सूचना एकदा दिली की काम भागते. लिनक्सची प्राथमिक माहिती आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाच्या मराठी ध्वनिचित्रफितींत मिळते. त्या एकदा उतरवून घेतल्या की नेटवर्क नसतानाही पाहता येतात.